एक धनुष्य, सहा बाण, दोघं जण : वावरात तिरंदाजी सुरू करताना

दोघांनी मिळून तिरंदाजी शिकायचं ठरलं की पहिला हिशोब दोन धनुष्यांचा होतो. तो सोडा, एकच घ्या. बाण मारणाऱ्याला स्वतःचं कोपर दिसत नाही, बोटं दोरीवरून कशी सुटली ते कळत नाही, आणि चुकून मारलेला बाणही कधीकधी नेमका मधोमध बसतो. हे सगळं बाजूला उभ्या माणसाला दिसतं. हातात दोन धनुष्यं असली की दोघंही मारतच राहतात आणि महिनाभरात दोघांच्याही चुका पक्क्या होतात. एकच धनुष्य असलं की एका वेळी बाण एकाच्याच हातात असतो, म्हणजे सुरक्षेचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

इथे बोलतोय ते साध्या धनुष्याबद्दल. नेम धरायचं यंत्र नाही, चाकं नाहीत, दोरी सोडायचं बटण नाही. नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने त्याच वर्षी शांघायला विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. त्यानंतर गावोगावच्या पोरांना तिरंदाजीची ओढ लागली, ते चांगलंच झालं. पण ती दोघं मारतात ते कंपाउंड, म्हणजे चाकांचं आणि नेमयंत्राचं धनुष्य. ५० मीटरवरून ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात सलग पंधरा बाण, हा हिशोब बांबूच्या धनुष्याला लावायचा नाही. साध्या धनुष्यालाही स्पर्धेत जागा आहे. देशात ‘इंडियन राउंड’ असतो, त्याची अंतरं ३० आणि ५० मीटर. पण ते पुढचं. पहिल्या महिन्यात १० मीटरवर पत्रावळीत बाण राहिले तरी खूप झालं.

डोळा, ताकद, लांबी

आधी डोळा पाहा. दोन्ही हात समोर ताठ करा, तळवे पुढे ठेवून अंगठ्यांच्या बेचक्यांत छोटा त्रिकोण करा आणि त्यातून दूरचं एखादं झाड धरा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने झाड त्रिकोणात राहिलं तो तुमचा मुख्य डोळा. मुख्य डोळा उजवा असेल तर दोरी उजव्या हाताने ओढायची, डावा असेल तर डाव्याने. जेवायचा हात आणि डोळा वेगळे निघाले तरी शक्यतो डोळ्याचं ऐका. दोघांचे डोळे वेगवेगळे निघाले तर मुठीवर बाण टेकायला एकाच बाजूला खाच कापलेलं धनुष्य दोघांना चालणार नाही. सरळ मुठीचं घ्या, ते दोन्ही बाजूंनी चालतं.

धनुष्याचा जोर पाउंडात सांगतात, पण तो घरी मोजता येतो. बॅगा तोलायचा हुकाचा छोटा डिजिटल काटा घ्या. एका बाणावर खाचेपासून २८ इंचांवर मार्करने खूण करा. दोन खुर्च्यांच्या पाठी जवळजवळ ठेवून धनुष्याची मूठ त्यांवर आडवी टेकवा, काट्याचा हुक दोरीच्या मध्यात अडकवा. एकाने सावकाश खाली ओढायचं, दुसऱ्याने बाण मुठीशी धरून खूण मुठीपर्यंत आली की आकडा वाचायचा. १० किलो म्हणजे साधारण २२ पाउंड. नवख्या मोठ्या माणसाला ९ ते ११ किलो पुरे, बारा-चौदा वर्षांच्या मुलाला ६ ते ८. दुकानात उभं राहून पस्तीस-चाळीस पाउंडांचं ओढून दाखवणं सोपं असतं. तेच पन्नासाव्या बाणाला ओढताना खांदा कानापर्यंत चढतो, आणि मग ती सवय सुटत नाही. दोघांत एक पहिलवान आणि एक काडी पहिलवान असेल तर जोर काडी पहिलवानाच्या मापाचा घ्या.

लांबीचं माप: दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजा आणि अडीचने भागा. ६६ इंच आले तर ओढ, म्हणजे दोरी मुठीपासून जितकी मागे येते ते अंतर, साडेसव्वीस इंचांच्या आसपास. बाण त्याहून दीड-दोन इंच लांब हवा, आणि दोघांपैकी ज्याची ओढ जास्त त्याच्या मापाने. इथे काटकसर नको. आखूड बाण पूर्ण ओढल्यावर त्याचं टोक मुठीच्या मागे येतं आणि सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात शिरतं.

धनुष्याची लांबी ओढीच्या दुपटीहून बरीच जास्त हवी. २७-२८ इंचांच्या ओढीला ६४ ते ६६ इंच. त्याहून तोकडं बांबूचं धनुष्य जास्त वाकतं आणि पोटाकडून, म्हणजे तुमच्याकडच्या बाजूने, चुरगळतं. आपल्याकडचा मानवेल बांबू भरीव असतो, त्याचं धनुष्य चांगलं होतं. पोकळ काटसाच्या वाट्याला जाऊ नका. बांबू बुरडाकडून किंवा बाजारातून घ्या, जंगलातून परस्पर तोडू नका. विकत घेताना जोडीदाराला सावकाश अर्ध्यापर्यंत ओढायला सांगा आणि तुम्ही बाजूने पाहा, समोरून कधीच नाही. मुठीच्या वरची आणि खालची कांब, म्हणजे वाकणारा भाग, सारखी वाकली पाहिजे. एखाद्या ठिकाणी कोपरा पडल्यासारखं दिसलं तर ते धनुष्य तिथेच मोडणार आहे. दोरी डॅक्रॉनची घ्या. नायलॉनची दोरी उन्हात ताणली जाते आणि रोज नवीन माप देते.

बाण सहा. लाकडाचे किंवा बारीक बांबूचे, टोक गोळीसारखं बोथट, धारदार पातं अजिबात नाही. पिसं खरी हवीत, टर्कीची किंवा बदकाची, आणि एका बाणावरची तिन्ही एकाच बाजूच्या पंखाची. प्लास्टिकचे पर मुठीवर आपटून बाण उडवतात, खरं पीस दबून निघून जातं. बाण हाताच्या मुठीवरून जाणार असेल तर पिसाचा पुढचा कणा बोटाची साल काढतो. तो टोकाशी बारीक दोऱ्याने चार-पाच वेढे देऊन बांधा आणि वर फेव्हिक्विकचा एक थेंब सोडा. हे दहा मिनिटांचं काम टाळणारा दुसऱ्या दिवशी बोटाला पट्टी लावून येतो.

दोरीच्या बोटांना जाड चामड्याचा तुकडा हवा. जुन्या पर्सचं चालतं. सायकलची ट्यूब नको, रबर दोरीला चिकटतं आणि बोटं सुटत नाहीत. धनुष्याच्या हाताला मनगटापासून कोपराखालपर्यंत चामड्याची पट्टी बांधा. खिशातला मोबाइल, शर्टाचं बटण, गळ्यातली साखळी, खांद्यावरचा दुपट्टा यांत दोरी अडकते. ते सगळं आधी काढून ठेवा.

जागा आणि लक्ष्य

सोयाबीन निघालं आणि हरभरा पेरायचा नसला तर दसऱ्यानंतर वावर मोकळं असतं. नाहीतर पडीक घ्या. बाण उत्तरेकडे जाईल असं उभं राहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येत नाही. बावीस पाउंडांचं धनुष्यही वर धरून सोडलं तर बाण शंभर मीटरच्या पुढे सहज जातो. म्हणून लक्ष्याच्या मागे उंच धुरा, नाल्याची दरड किंवा मुरमाचा ढीग हवा, आणि त्याच्याही मागे निदान दीडशे मीटर पांदण, घर, गोठा, चरायची जागा असं काही नको. पऱ्हाटी किंवा तूर उभी असेल तर ती आडोसा नव्हे. तिच्यामागे कोणी वेचणी करत असेल तर दिसत नाही, एवढंच होतं.

लक्ष्यासाठी सगळ्यात टिकाऊ म्हणजे युरियाच्या रिकाम्या पोत्यात जुने कपडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या ठासून भरणं. बटणं, चेन, हुक काढून टाका, नाहीतर टोक वाकतं किंवा बाण उलटा येतो. नुसतं कुटार, म्हणजे भुसा, भरू नका. ते बारीक असल्याने बाणाला वाट देतं, खाली बसतं आणि आठवड्यात पोत्याचा वरचा भाग रिकामा होतो. भंडारा-गोंदियाकडे तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मिळते, ती चालते, पण पेंढ्या गुडघा देऊन दाबून चहूबाजूंनी आवळल्या पाहिजेत. माप किमान अडीच बाय तीन फूट, जाडी एक फूट. मूठ मारून पाहा. हात आत गेला तर बाणही आरपार जाईल.

तीन बल्ल्यांची तिकाटी करून पोतं त्यावर बांधा. मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटर, स्पर्धेतही तेवढाच असतो. पोतं थोडं मागे कललेलं ठेवा, म्हणजे वरून उतरत येणारा बाण सरळ शिरतो, घसरत नाही. पुढच्या बल्ल्यांना पोत्याचे तुकडे गुंडाळा. समोरच्या दहा पावलांतले दगड वेचून टाका, कारण खाली पडलेला बाण दगडावरून कुठे उडेल सांगता येत नाही.

मारायची रेघ चुन्याने आखा. ती ५, ७, १०, १५ मीटरवर सरकत जाईल, लक्ष्य हलवायचं नाही.

बोलायचे शब्द

स्पर्धेत शिट्टी असते: दोन म्हणजे रेघेवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण काढायला जा, पाच किंवा जास्त म्हणजे जिथे आहात तिथे थांबा. दोघांत शिट्टी लागत नाही, शब्द ठरवून घ्या. पाहणारा आधी मागेपुढे बघतो आणि म्हणतो, ‘मोकळं.’ त्याशिवाय बाण दोरीला लावायचा नाही. ‘थांब’ कोणीही म्हणू शकतो, बकऱ्या हाकत आलेलं पोरगंही. ऐकलं की दोरी सावकाश परत सोडायची आणि बाण काढून घ्यायचा. रिकामी दोरी ओढून कधीही सोडू नका. बाणाला जायचा जोर कांबीतच राहतो आणि धनुष्य तडकतं. बघायला जमलेल्यांपैकी प्रत्येकाला नेमकं तेच करून पाहायचं असतं, म्हणून धनुष्य कोणाच्या हातात द्यायचं ते आधी ठरवा.

पहिला आठवडा : पाच मीटर, लक्ष्य कोरं

पोत्यावर काहीच लावू नका. नेम धरायला वस्तू असली की डोळा तिथेच चिकटतो आणि अंगाकडे लक्ष राहत नाही.

दोरी दोघांनी मिळून चढवा. एकाने खालचं टोक पायाच्या कडेला टेकवून मूठ स्वतःकडे ओढायची आणि वरची कांब दाबायची, दुसऱ्याने फास खाचेत सरकवायचा. चेहरा कांबीच्या रेषेत नको. दोरी चढल्यावर मूठ आणि दोरी यांत अंगठा वर केलेल्या मुठीएवढं, म्हणजे सहा-सात इंच अंतर हवं. कमी असेल तर दोरी हातावर बसेल. फास काढून दोरीला चार-पाच पीळ द्या, अंतर वाढतं.

पाय खांद्याएवढे, रेघेच्या दोन बाजूंना. दोरीवर बाण बसायची जागा दोऱ्याचे वेढे देऊन पक्की करा. बाण काटकोनात जिथे येतो त्याच्या एक सेंटिमीटर वर, हातावरून मारत असाल तर दीड. तीन पिसांतलं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला.

पहिलं बोट बाणाच्या वर, दोन खाली, दोरी पहिल्या पेराच्या घडीत. अंगठा आणि करंगळी मोकळी. बाण चिमटीत धरायचा नाही. चिमटीत धरला की ओढताना तो बाजूला पडतो, आणि नवखे सगळे धनुष्याला दोष देतात. बाण वारंवार पडत असेल तर बोटं त्याला पिळताहेत, एवढाच अर्थ.

मूठ घट्ट पकडू नका. अंगठ्याच्या बुडाशी दाब येऊ द्या, बाकी बोटं सैल. धनुष्याच्या हाताचं कोपर थोडं बाहेर वळवा, म्हणजे कोपराचा आतला भाग आकाशाकडे न राहता बाजूला जातो आणि दोरीला वाट मिळते. एवढं एक शिकलात तरी हातावरचे निळे डाग बंद होतात.

आता ओढा, पण दंडाने नाही. दोन्ही खांद्यांची फरे पाठीवर जवळ आणा, हात मागून येईल. पहिलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं की थांबा. दर वेळी तोच कोपरा. साध्या धनुष्यात हेच तुमचं मागचं नेमयंत्र आहे. एक बोट इकडेतिकडे झालं की दहा मीटरवर बाण वीतभर सरकतो. दोनेक सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, बांबूला तेही मानवत नाही. मग बोटं सैल सोडा. ‘सोडायचं’ म्हणून बोटं उघडली की दोरी बाजूला झटकली जाते. हातात पाण्याची बादली असावी आणि बोटांतला जोर फक्त संपावा, तसं. बाण पोत्यात बसल्याचा आवाज येईपर्यंत धनुष्याचा हात खाली आणायचा नाही.

तीन बाण, मग अदलाबदल. पहिल्या आठवड्यात एकाचे दिवसाला तीस ते चाळीस बाण पुरे. त्यापुढे खांदा थकतो आणि थकलेला खांदा चुकीचं शिकतो.

पाहणाऱ्याचं काम

पाहणारा दोरीच्या हाताच्या बाजूला, रेघेच्या एक पाऊल मागे उभा राहतो. एका फेरीत एकच गोष्ट पाहायची, आणि ती आधी सांगायची: ‘या तीनमध्ये बोट ओठाला लागतं का ते बघतो.’ बाणाकडे बघायचंच नाही. अवघड आहे, डोळा आपोआप बाणामागे धावतो. पण बाण कुठे लागला ते दोघांनाही नंतर दिसणारच आहे. तीन बाण झाल्यावर एक वाक्य बोला, पाच नाही. मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ पाठीमागून आणि बाजूने आठवड्यातून एकदा काढा, रोज काढला तर सराव राहतो आणि व्हिडिओच होतात.

दोघांनी ओळखायच्या खुणा (दिशा उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी, डावखुऱ्याने उलट वाचा):

बाण सगळे खाली, एकाखाली एक: सुटण्याआधी दोरी अर्धा इंच पुढे सरकते. पाहणाऱ्याने बाणाचं टोक मुठीपाशी बघावं, ते पुढे जाताना दिसतं. जोर जास्त आहे किंवा माणूस थकलाय.

डावीकडे विखुरलेले: सुटताना हात गालापासून बाहेर झटकतो. सुटल्यावर हात कानाकडे सरकला पाहिजे. झटका नसतानाही सगळे एका झुबक्यात डावीकडेच जात असतील तर बाण या धनुष्याला ताठ आहेत, उजवीकडे जात असतील तर मऊ. सरळ मुठीवरून जाताना बाणाला धनुष्याला वळसा घालून वाकावं लागतं, म्हणून साध्या धनुष्याला बाण थोडे मऊच लागतात.

वरखाली डुलत जाणारा बाण: दोरीवरची जागा खाली-वर झाली आहे. आधी थोडी वर न्या.

कधी वर, कधी खाली, काही मेळ नाही: बाण कुठे लागतो हे बघायला मान पुढे येते. हा रोग सगळ्यांना होतो. त्यावर औषध म्हणजे पुन्हा पाच मीटर आणि डोळे मिटून सहा बाण. पाहणाऱ्याने टोक पोत्याच्या मध्यावर आहे हे बघून ‘हो’ म्हणायचं, मग सोडायचा.

झुबका महत्त्वाचा, मध्य नंतर. सहा बाण एका बाजूला पण जवळजवळ लागले तर अंग बरोबर आहे, नेम सरकवता येतो. सहा दिशांना सहा असतील आणि त्यातला एक मधोमध असेल तर त्याचा फोटो काढू नका.

मागे सरकताना

दुसऱ्या आठवड्यात सात मीटरवर पत्रावळ टोचा. सहापैकी पाच बाण सलग तीन दिवस पत्रावळीत राहिले की दहा मीटर. तिथे जमलं की पत्रावळीच्या जागी द्रोण लावा, मग पुन्हा पत्रावळ घेऊन पंधरा. डोळा लक्ष्यावर, पण बाणाचं टोक कुठे दिसतं ते कोपऱ्यातून टिपत राहा. जवळून मारताना टोक लक्ष्याच्या बरंच खाली दिसतं, मागे गेलात तसं वर येतं. ही तफावत प्रत्येकाची वेगळी, दुसऱ्याची उसनी घेता येत नाही. वहीत लिहून ठेवा: दहा मीटर, टोक पोत्याच्या खालच्या काठावर.

बाण काढायला दोघंही चालत जा, धावत नाही. पोत्यातल्या बाणाची मागची खाच बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येते. काढणारा बाजूला उभा राहतो, दुसरा त्याच्या मागे नसतो. एक तळवा पोत्यावर बाणाच्या दोन्ही बाजूंना टेकवा, दुसऱ्या हाताने पोत्यालगत धरून पीळ देत सरळ ओढा. पिसापाशी धरून ओढला की लाकूड मोडतं. काढल्यावर प्रत्येक बाण हलका वाकवून फिरवा. करकर ऐकू आली किंवा नखाला चीर लागली तर तिथेच मोडून टाका, म्हणजे चुकूनही परत दोरीला लागणार नाही.

चुकलेला बाण गवतात आडवा शिरतो आणि वरून दिसत नाही. हात घालू नका, घोणस तिथेच असते. काठीने किंवा दाताळ्याने लक्ष्याच्या मागून पुढे विंचरत या. सहा गेले तर सहा परत आले पाहिजेत. वावरात राहिलेलं टोक बैलाच्या खुरात, ट्रॅक्टरच्या टायरात किंवा निंदणाला आलेल्या बाईच्या पायात निघतं.

रोही आणि डुकरं पीक खातात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सराव जमला की कोणीतरी सुचवतंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, तितराची आणि सशाचीही. जंगलालगतच्या गावात धनुष्य घेऊन वनाच्या हद्दीत फिरूच नका.

पंधरा मीटरवर बाण जमायला लागले की छापील ८० सेंटिमीटरचं लक्ष्य लावा. पिवळा १०-९, लाल ८-७, निळा ६-५, काळा ४-३, पांढरा २-१, एकेक रिंग ४ सेंटिमीटरची. रेघेला शिवलेला बाण मोठ्या आकड्याचा. दोघांत सामना लावायचा तर ऑलिम्पिकची सेट पद्धत मजेची आहे: प्रत्येकी तीन बाण, ज्याची बेरीज जास्त त्याला २ गुण, बरोबरी झाली तर एकेक, आधी ६ करेल तो जिंकला. एखादी फेरी पार बिघडली तरी पुढची कोरी असते. धनुष्य एकच असल्याने बाणाआड बाण न मारता तीन-तीन मारा, आणि वाट बघणाऱ्याने सामन्यातही पाहायचं काम सोडायचं नाही.

घरी निघताना दोरी उतरवा. रात्रभर चढवून ठेवलेल्या धनुष्याला बाक पडतो आणि जोर कमी होतो. मे महिन्यात ते बंद गाडीत किंवा टिनाखाली ठेवू नका, चिकटवलेले थर सुटतात. पावसाळ्यात बांबू ओल धरतो आणि मऊ होतो, तेव्हा मोजमाप नव्याने घ्या. भिंतीवर दोन खुंट्या ठोकून आडवं ठेवा, कोपऱ्यात टेकवून उभं नको. दोरीला पंधरा दिवसांनी मेण चोळा. भात्यात दोन डांबरगोळ्या टाका, नाहीतर दिवाळीपर्यंत पिसांचे नुसते कणे उरतात.